आधी परतीची वेळ ठरवा, मग गडाची वाट धरा

मृगाच्या सरी पडल्या आणि डोंगर हिरवे दिसू लागले, की पुण्यातल्या दवाखान्यांत शुक्रवारी संध्याकाळी एक ठराविक मागणी सुरू होते. ‘डॉक्टरसाहेब, रविवारी ट्रेकला जायचंय, फिटनेसचं सर्टिफिकेट हवंय.’ येणारा पंचविशीतला असतो तसा पंचावन्नचाही असतो. कधी ऑफिसचा ग्रुप असतो, कधी सोसायटीचा, कधी व्याही आणि विहीणबाईंसकट सगळे घर. सहल नेणाऱ्याने कागद मागितलेला असतो आणि तो कागद पाच मिनिटांत मिळावा, अशी अपेक्षा असते.

कागद देण्यापूर्वी मी रक्तदाब बघतो, छाती तपासतो, चालू गोळ्यांची यादी विचारतो. हे सगळे करायलाच हवे. पण त्यानंतर मी आणखी एक प्रश्न विचारतो : ‘परत किती वाजता फिरणार?’ किती वाजता निघणार, नाश्ता कुठे करणार, धबधब्यावर किती वेळ थांबणार, हे सगळे पाठ असते. परतीच्या वेळेला मात्र उत्तर नसते. ‘वर पोचलो, जेवलो, की उतरायचं’ एवढेच.

वाचकहो, आजच्या लेखाचा विषय हाच आहे. एका दिवसाच्या डोंगर-जंगलाच्या सहलीत होणारे बहुतेक अपघात आणि आजार हे बेत करतानाच जन्माला येतात, असे माझे ठाम मत आहे. बेत करताना दोनच गोष्टी आधी ठरवाव्यात. एक, मागे फिरायची वेळ. दोन, आपल्यातला सर्वांत कमी दम असलेला माणूस कोण. बाकीचे सगळे, म्हणजे गड कोणता, वाट कोणती, निघायचे केव्हा, हे या दोन गोष्टींवरून ठरवावे. आपण नेमके उलट करतो. आधी गड ठरवतो आणि मग माणसांना त्याच्या मापात बसवायला बघतो.

‘एवढे आलोच आहोत तर...’

सह्याद्रीत सर्वांत धोक्याचे वाक्य कोणते, असे कुणी मला विचारले तर मी हे सांगेन. चार वाजले आहेत, पाऊस वाढला आहे, एका वहिनींचा गुडघा बोलू लागला आहे, पण माची अर्ध्या तासावर दिसते आहे. अशा वेळी कुणीतरी म्हणते, ‘एवढे आलोच आहोत तर जाऊन येऊ.’ एवढ्या पहाटे उठलो, पैसे भरले, गाडी ठरवली; मग आता मागे फिरायचे म्हणजे सगळे वाया गेले, असे मनाला वाटते. हा मनाचा स्वभाव आहे, त्यात कुणाची बेअक्कल नाही. म्हणूनच हा निर्णय डोंगरावर घेण्यासाठी ठेवू नये. दमलेल्या, भुकेल्या, ओल्या अंगाने माणूस शहाणा निर्णय घेत नाही. तो घरी, चहा घेताना, शांतपणे घेऊन ठेवावा.

फार मोठ्या डोंगरावरही हेच घडते. १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर एकाच वादळात आठ गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. त्यांपैकी काही तुकड्यांनी दुपारी दोनच्या आत शिखर गाठले नाही तर मागे फिरायचे, असे बोलून ठेवले होते. प्रत्यक्षात ती वेळ उलटून गेल्यावरही माणसे वर चढत राहिली. त्यांच्यात जगातले नावाजलेले वाटाडे होते. नावाजलेल्यांचा पाय जिथे मोहाने अडकतो, तिथे तुमचा-आमचा अडकला तर नवल नाही. ठरवलेली वेळ पाळायची असेल तर ती सर्वांना आधी माहीत हवी आणि ती मोडायचा अधिकार कुणालाच नको.

उशीर झाला की पुढचे सगळे ओळीने येते. उशीर झाला म्हणून घाई. घाईत पाणी प्यायचे राहते, खायचे राहते, गोळी राहते. उतरताना पाय घसरतो. सांज झाली की रानात वाट दिसत नाही. चुकलेली वाट शोधताना माणसे भिजतात आणि गारठतात. लंगडणारा पाय, चक्कर, थंडी असा ज्याचा त्याचा आजार वेगळा दिसतो, पण त्या सर्वांचे मूळ विचारत मागे गेले तर ते बऱ्याचदा हुकलेल्या एका वेळेपाशी सापडते.

हिशेब कसा करावा?

१८९२ साली विल्यम नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने चालण्याचा एक सोपा हिशेब सांगितला. तो जगभर आजही वापरतात. दर पाच किलोमीटरला एक तास धरा आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास मिळवा. हा हिशेब धडधाकट, सवयीच्या माणसाचा आहे. त्यात बसणे, खाणे, फोटो काढणे, चपलेचा अंगठा तुटणे यांपैकी काही धरलेले नाही. म्हणून घरच्या मंडळींबरोबर जाताना हा आकडा सरळ दुप्पट करावा, असे मी सांगतो.

आपला सिंहगडच घ्या. आतकरवाडीहून पायवाटेने वर जायला तीनेक किलोमीटर अंतर आणि साधारण दोन हजार फूट चढ. नेस्मिथच्या हिशेबाने दीड तासाच्या आसपास. रोज सकाळी गड चढणारे याहून कमी वेळात वर जातात. पण वर्षातून एकदा जाणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसाने तीन तास धरावेत आणि उतरायला दोन. उतरणीला वेळ कमी लागतो हे खरे, पण गुडघ्यांवरचा भार उतरतानाच जास्त असतो, शिवाय पोटात पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही असते.

आता जरा मोठ्या वाटेचा हिशेब करू. मुळशीच्या पुढे ताम्हिणी परिसरात पिंपरी नावाचे गाव आहे (चिंचवडजवळची पिंपरी नव्हे). तिथून अंधारबनाच्या दाट जंगलातून उतरत रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला जाणारी सुमारे तेरा किलोमीटरची वाट हल्ली फार प्रसिद्ध आहे. तेरा किलोमीटरला नेस्मिथचे अडीच तासांहून थोडे जास्त होतात. वाट बहुतांशी उताराची, म्हणून चढाचे काही मिळवायचे नाही. दुप्पट केले की सव्वापाच तास. त्यात जेवण, ओढे ओलांडणे आणि बसणे यांचे दीड-पावणेदोन तास मिळवा. म्हणजे सात तास.

आता सूर्यास्तापासून उलटे मोजा. पुण्याकडे जुलैत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास. पण दाट झाडीत आणि ढगाळ हवेत सूर्यास्तापूर्वी तास-अर्धा तासच पायाखालचे दिसेनासे होते. म्हणून पावसाळ्यात संध्याकाळी पाचला गावात पोचायचे, असे धरावे. पाचमधून सात तास वजा केले, तर सकाळी दहा ही चालायला सुरुवात करण्याची शेवटची वेळ झाली. वाटेत वाहनांच्या गर्दीमुळे अकरा वाजले, तर त्या दिवशी अंधारबनात जाऊ नये. मुळशीच्या तलावाकाठी डबे सोडावेत, आणि घरी यावे. सहल फुकट गेली असे अजिबात समजू नये.

या वाटेचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात घ्या. ती एका गावात सुरू होते आणि दुसऱ्याच गावात संपते. निम्मी वाट गेल्यावर मागे फिरणे आणि पुढे जाणे सारखेच होते. अशा वाटेवर मागे फिरण्याचा निर्णय निम्म्याच्या आत व्हायला हवा. ‘निघाल्यापासून अडीच तासांत ठरलेला टप्पा आला नाही तर तिथूनच मागे’, असे आधीच बोलून ठेवावे. भिऱ्याला गाडी उभी आहे की नाही, हेही आधी पक्के करावे. आणि सर्वांत पहिले म्हणजे वाट उघडी आहे का, याची चौकशी करावी. जोराच्या पावसात वन खाते आणि जिल्हा प्रशासन अशा वाटा बंद ठेवतात. पुणे शहरात वर्षभरात जेमतेम सातशे मिलिमीटर पाऊस पडतो; ताम्हिणीच्या घाटात जोराची झड लागली तर तेवढा दोन-तीन दिवसांत पडू शकतो. शहरातल्या खिडकीतून आभाळ बघून तिथल्या ओढ्याचा अंदाज येत नाही.

सर्वांत कमी दमाचा माणूस

दहा जणांच्या गटाची चाल ही त्यातल्या सर्वांत तरण्या पोराच्या चालीने धरता येत नाही. ती दहाव्या माणसाच्या चालीनेच धरावी लागते. हा दहावा माणूस कोण, हे निघण्यापूर्वी आठ-दहा दिवस शोधावे. त्यासाठी मोठी तपासणी लागत नाही. न थांबता तीन-चार जिने चढून पाहा. वर पोचल्यावर एक वाक्य सलग बोलता आले पाहिजे. बोलताना मध्येच श्वास तोडावा लागत असेल, तर त्या माणसाला राजगड-तोरणा नको. त्याच्यासाठी आधी पर्वती, मग हनुमान टेकडी किंवा वेताळ टेकडी, आणि महिना-दीड महिन्याच्या सवयीने सिंहगड. हे करताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी असे काही झाले, तर डोंगर बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे या. ई.सी.जी. आणि गरज पडल्यास चालत्या पट्ट्यावरची तपासणी करून घ्या.

आमच्याकडे येणारे एक गृहस्थ नोकरीतून निवृत्त व्हायच्या बेतात होते. अठरा वर्षांचा मधुमेह. ‘मला छातीत कधी दुखत नाही,’ असे ते अभिमानाने सांगत. जुन्या मधुमेहात ही समाधानाची गोष्ट नाही. अशा रुग्णाला हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत कळ येईलच असे नाही. नुसता दम लागणे, दरदरून घाम, मळमळ, एकाएकी आलेला विलक्षण थकवा एवढेच दिसते, आणि डोंगरावर तर ही लक्षणे सगळ्यांनाच थोडीफार असतात. म्हणून त्यांना आधी तपासणीला पाठवले. एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला, उपचार झाले. आज ते रोज तळजाईला तासभर चालतात. तपासणी न करता त्या रविवारी गेले असते तर काय झाले असते, ते मी सांगू शकत नाही. पण तो प्रश्न डोंगरावर सोडवावा लागला नाही, हे बरे झाले.

मधुमेही व्यक्तींनी आणखी एक काळजी घ्यावी. सात तास चालल्याने साखर खाली येते. रोजचे इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या तेवढ्याच प्रमाणात घेऊन, वर नाश्ता चुकवून चढायला लागले, तर साखर घसरून हातपाय कापणे, घाम, असंबद्ध बोलणे, बेशुद्धी इथपर्यंत मजल जाते. त्या दिवसाचा डोस आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावा, स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पूड ठेवावी, आणि ती कुठे आहे हे बरोबरच्या दोघांना सांगावे. रक्तदाबाची गोळी सहलीच्या दिवशी ‘सुट्टी’ म्हणून चुकवू नये. ज्यांना लघवी वाढवणारी गोळी आहे त्यांनी उन्हाळ्यात जाण्यापूर्वी जरूर विचारावे. दमेकऱ्यांनी पंप पिशवीच्या तळाशी न ठेवता वरच्या कप्प्यात ठेवावा.

चढताना कुणाला छातीत दडपण आले, तर ‘थोडं बसा, मग हळूहळू उतरू’ असे करू नये. त्या माणसाला आहे तिथे टेकून बसवावे, चालू देऊ नये, आणि १०८ किंवा ११२ ला फोन लावावा. खाली आणायचा तो डोलीतून किंवा स्ट्रेचरवरून. उतरताना त्याला चालायला लावणे म्हणजे आजारी हृदयाकडून जादा काम करवून घेणे.

ऊन, पाऊस आणि पाणी

मार्च ते मे या दिवसांत सह्याद्रीचा कातळ तव्यासारखा तापतो. त्या काळात अकराच्या आत उतरून सावलीत यावे, असाच बेत हवा. माणशी तीन-चार लिटर पाणी लागते. तहान लागेपर्यंत थांबू नये. घोट-घोट पीत राहावे. मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत उत्तम. ओ.आर.एस.ची पुडी वापरली तर पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवावी. अर्ध्या बाटलीत पूर्ण पुडी टाकू नये. लघवी गडद पिवळी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे असे समजावे. बरोबरचा माणूस उन्हात असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग चटका बसण्याइतके तापले, तर तो उष्माघात समजावा. घाम येतो आहे म्हणून उष्माघात नाही, असे मानू नका. चालण्याच्या श्रमाने होणाऱ्या उष्माघातात घाम येत असतो. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता आणि वारा घाला. पिण्याचे पाणी संपले तरी चालेल, पण अंग भिजवायला कंजुषी नको. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

पावसाळ्यातली भीती उलटी. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, थंडीने कोण मरतंय?’ असे लोक म्हणतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगडावर तोलार खिंडीच्या वाटेने निघालेले पुण्याचे सहा जण पावसात आणि धुक्यात वाट चुकले. रात्र रानात काढावी लागली आणि त्यांतला एक जण गारठ्याने दगावला. बर्फ नव्हता. अंगावर ओले कपडे, त्यात सोसाट्याचा वारा, पोटात अन्न नाही आणि शरीर दमलेले, एवढे जमले की पंधरा-सोळा अंशांतही शरीराची ऊब झरझर जाते. शरीराचे तापमान पस्तिसाच्या खाली गेले की धोका सुरू होतो. आधी कापरे भरते, मग जीभ जड होते, माणूस अडखळतो, हट्टीपणा करतो, ‘मला इथंच झोपू द्या’ म्हणतो. पुढे कापरे थांबते. कापरे थांबले म्हणजे बरे वाटू लागले, असे मुळीच नाही. ते बिघडल्याचे लक्षण आहे. अशा माणसाला वाऱ्यापासून आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, प्लॅस्टिकचा मोठा कागद किंवा रेनकोट गुंडाळावा, दोघांनी चिकटून बसावे. शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा. हातपाय जोराने चोळू नयेत आणि ‘अंगात गर्मी’ म्हणून दारू तर मुळीच देऊ नये. दारूने कातडीला ऊब वाटते, पण आतली ऊब आणखी लवकर बाहेर पडते. यासाठी प्रत्येकाने एक कोरडा सदरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नेलाच पाहिजे. वजन पाव किलो; उपयोग जीव वाचवण्याइतका.

आणि पाण्याविषयी. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. त्यांत लहान मुले होती. पाणी आधी घोट्याएवढेच असते. वर कुठेतरी ढग रिकामा होतो आणि लोंढा खाली येतो. ओढ्याचे पाणी एकदम गढूळ झाले, त्यात काटक्या-पाने वाहू लागली, आवाज बदलला, तर क्षणभरही न थांबता काठावर यावे. गुडघ्याच्या वर वाहते पाणी असेल तर ओलांडू नये. ओढा सकाळी ओलांडला म्हणून तो संध्याकाळीही ओलांडता येईल, हे गृहीत धरू नये. परतीची वेळ ठरवताना हाही हिशेब धरायचा असतो, कारण घाटावर दुपारनंतर पाऊस वाढला तर सकाळचा ओहोळ ओढा होऊन बसतो.

मधमाश्या आणि साप

गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. अत्तर, सेंट लावून जाऊ नये. कड्याखाली चूल पेटवू नये, फटाके-आरडाओरडा करू नये. माश्या उठल्याच तर हात न झटकता डोके आणि तोंड झाकून त्या जागेपासून लांब पळावे. काटे नखाने लगेच खरवडून काढावेत. ओठ-जीभ सुजणे, अंगभर गांधी, दम लागणे, चक्कर यांपैकी काही दिसले तर एक मिनिट न दवडता दवाखाना गाठावा.

साप चावला तर कापणे, चोखणे, आवळून दोरी बांधणे, मंत्र-मुळी यांपैकी काही करू नये. अंगठी-कडे काढावे, चावलेला हात किंवा पाय काठीला बांधून हलू देऊ नये, माणसाला धीर द्यावा आणि उचलून ग्रामीण किंवा सरकारी रुग्णालयात न्यावे. विषावरचे औषध तिथे मिळते. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. घोट्यापर्यंतचे बूट, हातात काठी आणि उजेडात परतणे, एवढ्याने बहुतेक दंश टळतात. इथेही पुन्हा परतीच्या वेळेचाच प्रश्न आला.

घरी ठेवायचा कागद

निघण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहून घरी ठेवाव्यात. कुठल्या वाटेने जाणार. बरोबर कोण कोण आणि त्यांचे फोन. किती वाजता मागे फिरणार. आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवायचे. ही शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. रानात रेंज नसते. तुमचा फोन लागत नाही म्हणून घरचे माणूस रात्री बारापर्यंत ‘येतील, गाडी अडकली असेल’ म्हणत बसले, तर शोधायचे चार-पाच तास हातचे जातात.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सिंहगडावर तानाजी कड्याजवळून एक तरुण बेपत्ता झाला आणि चार-पाच दिवसांनी जिवंत सापडला. ज्या गडावर पुणेकर भजी खायला जातात, तिथली ही गोष्ट. सर्वांच्या नशिबी असे सापडणे नसते. आपल्याकडे लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्था आणि अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाशी जोडलेली मंडळी स्वतःची कामे सोडून, रात्री-अपरात्री दोर घेऊन दरीत उतरतात. गावचे लोक कंदील-बॅटऱ्या घेऊन त्यांच्यापुढे वाट दाखवत चालतात. त्यांचाही जीव असतो, त्यांच्याही घरी माणसे जागी असतात. आपला बेत नीट असणे हे त्यांच्याविषयीचेही आपले कर्तव्य आहे. पायथ्याच्या गावात कुणाला तरी सांगून वर जावे, परतल्यावरही सांगावे. अनोळखी वाटेवर गावातला वाटाड्या पैसे देऊन घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

नेणाऱ्यांना एक सूचना

पैसे घेऊन सहली नेणाऱ्यांनी फिटनेसचा कागद मागावा, माझा विरोध नाही. पण तो कागद म्हणजे जबाबदारी झटकण्याचे साधन होऊ नये. त्याऐवजी किंवा त्याबरोबर, परतीची वेळ सहलीच्या जाहिरातीतच छापावी. ‘बारा वाजता जिथे असू तिथून मागे फिरू. शिखर झाले नाही तरी पैसे परत मागू नयेत,’ असे स्पष्ट लिहावे. शेवटच्या माणसाच्या मागे त्यांचा एक जाणता माणूस असावा. गटातील कुणाला दम लागला तर त्याला वाटेत एकट्याला ‘इथंच बसा, आम्ही येताना घेऊ’ असे सांगून पुढे जाऊ नये. कुणीतरी बरोबर थांबावे किंवा सर्वांनी मागे फिरावे. आणि पाहुण्यांनीही नेणाऱ्याने मागे फिरवले तर त्याच्याशी भांडू नये. असा नेणारा मिळाला तर पुढच्या वेळीही त्याच्याबरोबरच जावे.

डोंगर चढण्याविरुद्ध माझे काहीएक म्हणणे नाही. उलट बैठ्या नोकरीच्या, सुटलेल्या पोटाच्या, रात्री झोप न येणाऱ्या किती तरी रुग्णांना मी गोळ्या वाढवण्याऐवजी टेकडी लिहून देतो. मुलांना रानातली करवंदे, शेकरूचे घरटे, धुक्यातला बुरूज दाखवायलाच हवा. पण ‘मी राजगडावरून अर्ध्यातून परत आलो’ हे सांगताना आपली मान खाली जाऊ नये, आणि ऐकणाऱ्याने हसू नये. अर्ध्यातून परतलेला माणूस थंडीत पुन्हा जाऊ शकतो.

येत्या रविवारचा बेत असेल तर आजच घरातल्या सर्वांना एकत्र बसवा. आधी दहावा माणूस कोण ते ठरवा. मग सूर्यास्तापासून उलटे मोजून परतीची वेळ काढा आणि ती कागदावर लिहा. त्या कागदात तुमचा गड बसत नसेल, तर कागद बदलू नका, गड बदला.